पत्रिकेच्या पाठीवरचा हिशेब

अक्का, सप्रेम नमस्कार.

तुमची ती वाया गेलेली लग्नपत्रिका अजून माझ्या गल्ल्यात आहे. तुमच्या पत्रिकांच्या दुकानात वधूच्या आडनावात वेलांटी चुकली म्हणून अख्खा गठ्ठा बाजूला पडला होता. त्यातली एक ओढून तुम्ही तिच्या कोऱ्या पाठीवर माझ्या वेबसाइटच्या खर्चाचा हिशेब मांडलात. वर '७९ × ४८' आणि खाली दोन रेघा ओढून 'मग पुढं?' तोंडावर आभार मानले असते तर 'चहा घे आणि पळ' म्हणाला असतात, म्हणून चारचौघांत लिहितोय.

तुमच्याकडं आलो तेव्हा मी एकदा पोळलेलो होतो. आमच्या टॉवेल-चादरींची पहिली वेबसाइट एकानं बारा हजारांत करून दिली होती. दिसायला झकास. वर्षभरानं उघडेना. त्याला फोन लावला तर उचलेना, आणि डोमेन, म्हणजे साइटचं नाव-पत्ता, त्याच्या नावावर, त्याच्या ईमेलवर. पाटी आमची, उतारा त्याचा! बिलावर, खोक्यांवर, पप्पांनी हौसेनं छापलेल्या कॅलेंडरवर तेच नाव. मग मी ठरवलं, आता सगळं आपणच करायचं. तीन रात्री मोबाइलवर जाहिराती बघितल्या आणि डोकं पार बधिर करून घेतलं. होस्टिंग, म्हणजे साइट ठेवायची भाड्याची जागा, आणि तिचे प्रकार: शेअर्ड (चारचौघांत मिळून), व्हीपीएस (आपला वेगळा वाटा), क्लाउड, अनलिमिटेड. सूत घेताना काउंट (बारीकपणा) विचारणारा माणूस मी, पण इथं नेमकं काय विचारायचं तेच कळेना.

तुम्ही कुठल्या कंपनीचं नावच घेतलं नाही. आधी विचारलंत, "गिऱ्हाईक साइटवर येऊन करणार काय?" मी म्हटलं, खरेदी. "तुझा माल सुटा जातो का गाठीनं?" गाठीनं. हैदराबाद, बेंगळुरूचे व्यापारी फोन करतात, घासाघीस करतात, मग ऑर्डर देतात. "मग कार्ट कुणासाठी लावतोस?" तिथंच माझी ऑनलाइन दुकान चालवायची महागडी मासिक योजना गळाली. पाच पानं, चांगले फोटो, फोन नंबर आणि व्हॉट्सॲपचं बटण, एवढंच उरलं. एवढ्यासाठी व्हीपीएस म्हणजे दोन मागांना अख्खी एमआयडीसी, असं तुम्हीच म्हणालात.

मग तो ७९ रुपयांचा हिशेब. जाहिरातीत होस्टिंगचे महिना ७९, पण चार वर्षांचे एकदम भरायचे. ३,७९२, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे साडेचार हजाराच्या घरात. तुम्ही मला बारीक अक्षरातली ओळ शोधायला लावलीत. चार वर्षांनंतर दर महिना २९९. म्हणजे पुढं एकाच वर्षाचे करासकट सव्वाचार हजार. मी तो भाव स्वस्त म्हणून घरी सांगून बसलो होतो! 'अनलिमिटेड'खालीही तशीच एक ओळ निघाली, फायली किती ठेवायच्या याची मर्यादा सांगणारी. आणि एसएसएलचे, म्हणजे साइटला कुलूप लावणाऱ्या प्रमाणपत्राचे, वेगळे पैसे लावले होते तिथं तुम्ही सरळ काट मारलीत. लेट्स एन्क्रिप्टचं तसलं प्रमाणपत्र २०१५च्या अखेरीपासून फुकट मिळतंय आणि बऱ्याच होस्टिंगवाल्यांकडं ते एका बटणावर बसतं, हे मला कोण सांगणार होतं?

साइट बनवायला विक्ससारखं तयार साधन घ्यावं की वर्डप्रेस, यावर आपण दोन चहा घालवले. तुम्ही ते मागाच्या भाषेत सांगितलंत म्हणून डोक्यात शिरलं. विक्स म्हणजे भाड्याच्या शेडमधला माग. तेलपाणी, दुरुस्ती मालक बघतो, तुम्ही नुसतं विणायचं. पण शेड सोडली की माग तिथंच राहतो, साइट उचलून दुसऱ्या होस्टिंगवर नेता येत नाही. वर्डप्रेस म्हणजे स्वतःचा माग. २००३ पासूनचं फुकटचं सॉफ्टवेअर, कुठंही उचलून न्या, पण तेल आपणच घालायचं. अपडेट आपण करायचे, बॅकअप आपण घ्यायचा. "हाताला तेल लागलेलं चालेल का?" असं विचारलंत. मागवाल्याच्या पोराला हा काय प्रश्न झाला? पण शेजारच्या शिकवणीवाल्या मॅडमना तुम्ही विक्सच घ्यायला सांगितलंत, हेही मी बघितलंय. वर्डप्रेस डॉट कॉम आणि डॉट ऑर्ग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तर मी पैसे भरायच्या पानावर पोचल्यावर तुम्ही ओरडून सांगितलंत. पहिली कंपनीची सेवा, दुसऱ्या ठिकाणी नुसतं सॉफ्टवेअर.

शेवटी डोमेन एकीकडं, होस्टिंग दुसरीकडं, दोन्ही माझ्या नावावर, होस्टिंग एकाच वर्षाचं आणि सर्व्हर मुंबईचा. डोमेनचा पासवर्ड वहीत लिहून कपाटात ठेवलाय, पप्पांच्या कर्जाच्या पासबुकाशेजारी. देवनागरीत डॉट भारत घ्यायची माझी फार इच्छा होती. २०१४ पासून ते मिळतंय. पण हैदराबादचा व्यापारी ते टाइप कसं करणार म्हणून तुम्ही डॉट इनवर आणलंत. अजून थोडं मनात आहे, खोटं कशाला बोलू.

नेमसर्व्हर, म्हणजे डोमेन कुठल्या होस्टिंगकडं न्यायचं ते सांगणारी नोंद, बदलल्यावर साइट दिसेना म्हणून मी दर अर्ध्या तासाला तिथं काहीतरी खुडबुड करत होतो. "भाकरी सारखी उलटू नकोस, एक-दोन दिवस लागतात," तुमचा मेसेज. दुसऱ्या दिवशी दुपारी उघडली.

पण खरी मेहनत तुम्ही घेतलीत ती मजकुरावर. आमचा जुना कॅटलॉग डीटीपीच्या जुन्या फॉन्टमधला. साइटवर पेस्ट केला तर टोपी घातलेली इंग्रजी अक्षरं आणि पौंडाची चिन्हं. मला वाटलं होस्टिंगच फसवं आहे. तुम्ही हसलात आणि म्हणालात, ही मराठी नाहीच, मराठीचा मुखवटा आहे. आत इंग्रजी अक्षरंच, फक्त फॉन्ट त्यांना मराठीसारखं दाखवतो. सगळं युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही फोनवर दिसणाऱ्या खऱ्या मराठी अक्षरांत, बदलून घेतलंत. त्यात 'दुसऱ्या', 'भरणाऱ्या' अशा शब्दांतले र तुटले, ते तुम्ही पत्रिकेचं प्रूफ तपासावं तसं एकेक करून लावलेत. लग्नसराई डोक्यावर असताना. चादरीचे सहा-सहा एमबीचे फोटो दोनशे केबीच्या आत आणलेत ते वेगळंच. आता मामाच्या जुन्या फोनवरही मोराची चादर पटकन उघडते.

नारळी पौर्णिमेला, मार्कंडेयाचा रथ निघायच्या दिवशी, वर्डप्रेसचा एक प्लगइन (जोडभाग) अपडेट केला आणि साइट पांढरीफटक. तुमचं दुकान बंद, फोन ढोलाच्या आवाजात कुणाला ऐकू येणार? तुम्ही एकदा बोलता बोलता सांगितलेलं आठवलं. होस्टिंगच्या सीपॅनलमध्ये (साइट सांभाळायच्या पानावर) फाइल मॅनेजर उघडला, त्या प्लगइनच्या फोल्डरचं नाव बदललं, साइट परत आली. नाहीच आली असती तर आदल्या रात्रीचा बॅकअप पेनड्राइव्हवर होता. मग रथाला गेलो.

परवा डोमेनच्या नूतनीकरणाची आठवण आली. माझ्या ईमेलवर.

पैसे तुम्ही घेतले नाहीत, चादर दिली तर 'सोलापुरात चादर कोण देतं' म्हणालात. आता एक काम आणखी आहे. साइटवर तेलुगू पान टाकलंय. घरात बोलतो तेलुगू, पण शिकलो मराठीत, त्यामुळं लिहिताना काय दिवे लावलेत कुणास ठाऊक. तुमच्या तेलुगू पत्रिकांत चूक सापडत नाही. रविवारी नळाचं पाणी येऊन गेलं की प्रिंट घेऊन येतो. लाल पेन काढून ठेवा.

तुमचा,
टॉवेलवाला