कोरी ठेवलेली दोन पाने

लंडन

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तू शिवाजीनगरच्या कोर्टात दिवसभर उभा असतोस, म्हणून मी अजून एकदाही न्यायाधीशांसमोर का बोललो नाही, हा तुझा प्रश्न साहजिकच आहे. इथे वरच्या न्यायालयांत युक्तिवाद बहुधा बॅरिस्टर करतात. अशिलाचे म्हणणे समजून घेणे, कागद जमवणे आणि मुदती सांभाळणे हे काम सॉलिसिटरचे. सॉलिसिटर होण्याआधीच्या माझ्या दोन वर्षांच्या उमेदवारीत विभाग बदलत राहतात, आणि सध्या मी दाव्यांच्या विभागात आहे.

फेटर लेनवरच्या रोल्स बिल्डिंगमध्ये पुढच्या आठवड्यात आमची सुनावणी आहे. काल सकाळपासून मी तिचे बंडल, म्हणजे सर्वांनी वापरायची कागदपत्रांची एकच फाइल, पानापानाने तपासत होतो. दुपारी ४१२व्या पानावर थांबलो. तिथे प्रतिपक्षाचे, इथल्या दिवाणी दाव्यांच्या नियमांतल्या ‘पार्ट ३६’खालचे तडजोडीचे पत्र होते, आणि सोमवारी पत्रव्यवहार लावताना ते मीच आत घातले होते.

हे नियम तुमच्याकडे नाहीत, म्हणून सांगतो. असा प्रस्ताव साधारणपणे किमान २१ दिवस खुला ठेवावा लागतो. प्रतिवादीने देऊ केलेली रक्कम वादीने नाकारली आणि निकालात त्याहून अधिक काही मिळाले नाही, तर ती मुदत संपल्यापासूनचा प्रतिवादीचा खर्च सहसा वादीवर पडतो. मात्र कोण किती द्यायला तयार होता, हे निकाल देणाऱ्या न्यायाधीशांना आधी कळता कामा नये. ते पत्र तसेच गेले असते, तर आमच्या अशिलाची दोन वर्षांची वाट पाहणे माझ्या हातून धोक्यात आले असते, या विचाराने माझे हात गार पडले.

मी लगेच वरिष्ठांना सांगितले. पत्र नुसते काढून चालणार नव्हते, कारण पुढचे सगळे क्रमांक सरकले असते आणि बॅरिस्टरच्या लेखी युक्तिवादातले पानांचे संदर्भ चुकले असते. म्हणून त्या जागी दोन कोरी पाने घातली, अनुक्रमणिकेतली नोंद काढली, आणि रात्री आठपर्यंत उरलेली सहाशे पाने पुन्हा वाचली. वरिष्ठ रागावल्या नाहीत. शेजारी खुर्ची ओढून शेवटची शंभर पाने त्यांनी माझ्याबरोबर पाहिली, हे मी विसरणार नाही.

तुमच्याकडे दाव्याचे कागद शेवटी कोण तपासते, ते सविस्तर कळव. काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
मित्र