फ्लॅटमधला तुझा ग्रुप आणि पहिली मंडळी

प्रिय सोन्या,

परवा फोनवर तू बोलता बोलता म्हणालास ना, की आई आपल्या चर्चमधलं सगळं नंतर घुसडलेलं आहे, आमचा फ्लॅटमधला ग्रुपच खरा पहिल्या शतकातल्या ख्रिस्ती मंडळीसारखा, तेव्हा मी गप्प बसले आणि तुला वाटलं चिडले. चिडले होतेच थोडी. पण कुकर लावलेला होता आणि असलं काही फोनवर नीट बोलता येत नाही मला. आता गुडघ्यामुळे बसूनच आहे तर सावकाश टाइप करतेय, चुका झाल्या तर समजून घे.

आधी तुमचा ग्रुप चालवणाऱ्या त्या ब्रदरचं जे बरोबर आहे ते मान्य करते. सुरुवातीला बिल्डिंग नव्हतीच, घराघरात जमायचे. सिरियात युफ्रेटिस नदीच्या काठी दुरा-युरोपोस म्हणून जुनं गाव खणून काढलंय, तिथं साधारण २४० सालचं असंच एक घर सापडलं, मधली भिंत पाडून खोली मोठी केलेली आणि एका खोलीत बाप्तिस्म्याचा हौद. ख्रिसमससुद्धा नव्हता, २५ डिसेंबरची जुन्यात जुनी नोंद रोमची, ३३६ सालची. पण मग ज्या नव्या कराराचं पुस्तक हातात धरून तो तासभर ओरडतो ना, तेही नव्हतं रे तेव्हा. पत्रं होती, हातोहात फिरायची. आपली ही २७ पुस्तकं, बरोबर एवढीच, यादीत पहिल्यांदा दिसतात ती अथनासियस बिशपच्या ३६७ सालच्या पत्रात. विचार त्याला, हळूच.

ती पहिली माणसं मानायची काय म्हणशील तर प्रेषित पौलाने करिंथ गावच्या मंडळीला साधारण ५४ साली लिहिलंय ते बघ. तो म्हणतो मला जे मिळालं तेच मी तुम्हाला दिलं, की ख्रिस्त आपल्या पापांसाठी मेला, पुरला गेला, तिसऱ्या दिवशी उठला, केफाला म्हणजे पेत्राला दिसला, मग बारा शिष्यांना. म्हणजे पौलाच्याही आधी लोकांच्या तोंडी बसलेलं होतं हे. आणि प्रभू लवकरच येणार, आपल्या डोळ्यांदेखत येणार असंच त्यांना वाटायचं. मारानाथा हा शब्द बघ, आमच्या प्रभू ये, पत्र सगळं ग्रीकमध्ये पण हा शब्द अरामीतलाच ठेवलाय, आपण आमेन म्हणतो तसा. थेस्सलनीकाच्या लोकांना तर घोर लागला होता की तो यायच्या आतच आपली माणसं मरायला लागली, आता त्यांचं काय. तुझे बाबा गेले त्या वर्षी पौलाने त्यांना दिलेल्या उत्तराचा तो अध्याय मी किती वेळा वाचला असेल.

पण तुमचा ग्रुप ज्याला शुद्ध शुद्ध म्हणतो ना ते मला कुठे दिसत नाही. मला दिसतात ती भांडणं आणि तीसुद्धा जेवणावरून. अंत्युखियात, जिथं ख्रिस्ती हे नाव पहिल्यांदा पडलं तिथंच, पेत्र आधी परराष्ट्रीयांबरोबर म्हणजे यहुदी नसलेल्यांबरोबर जेवत होता, मग यरुशलेमच्या मंडळीतल्या याकोबाकडची यहुदी माणसं आली आणि हा पंगतीतून हळूच बाजूला झाला, त्याचं बघून पौलाचा सोबती बर्णबासुद्धा. पौलाने तोंडावर सुनावलं त्याला. आपल्या लोकांना हे समजावून सांगावं लागतं का? तुझी पणजी सांगायची, एकाच हौदात बाप्तिस्मा झालेली माणसं, पण कोण कुठल्या वाड्यातून आलाय ते बघून काहीजण चर्चच्या प्रीतिभोजनाला यायच्या आधी घरीच जेवून यायचे, आणि भूक नाही म्हणायचे. करिंथात त्याच्या उलट, ज्यांच्याकडे भरपूर ते आधीच खाऊन पिऊन तर्र आणि ज्यांच्याकडे काही नाही ते उपाशी, आणि ह्याला म्हणायचं प्रभुभोजन! पौल म्हणतो एकमेकांसाठी थांबा.

दिदाखे म्हणून एक छोटं जुनं पुस्तक आहे, शिकवण असा अर्थ. पहिल्या शतकाच्या शेवटाचं किंवा थोडं पुढचं. १८७३ साली कॉन्स्टँटिनोपलात त्याची हस्तलिखित प्रत सापडली. त्यात उपास कधी तर बुधवार-शुक्रवार, प्रभूची प्रार्थना दिवसातून तीनदा, बाप्तिस्मा वाहत्या पाण्यात, नसेल तर दुसऱ्या, गार नसेल तर गरम, फारच थोडं असेल तर डोक्यावर तीनदा ओता. किती सोपं घेतलंय बघ, आणि तुमच्यात पूर्ण बुडवलं नाही तर पुन्हा बुडवतात. फिरते प्रेषित आले तर एक दिवस ठेवा, गरज असेल तर दोन, तिसऱ्या दिवशीही राहिला तर तो खोटा, आणि निघताना पैसे मागितले तरी खोटा. हे वाचून मी एकटीच हसले, कारण दर आठवड्याला ग्रुपवर क्यूआर कोड येतो हे तूच सांगितलंस. (खऱ्या संदेष्ट्याला पहिल्या पिकाचा वाटा द्या असंही पुढं आहे, तेही सांगते नाहीतर म्हणशील आईने अर्धंच सांगितलं.)

आणि तुमच्याकडे बायका फक्त चहा करतात म्हणे? बिथुनिया-पंत, पेत्राच्या पहिल्या पत्राच्या पहिल्याच ओळीत आलेला भाग, आता तुर्कस्तानात. तिथला रोमी गव्हर्नर प्लिनी ११२ च्या सुमारास ट्राजन बादशहाला कळवतो की ही माणसं ठरलेल्या दिवशी उजाडायच्या आत जमतात, ख्रिस्ताला देव समजून गाणं म्हणतात, चोरी, व्यभिचार करणार नाही, कोणी ठेवायला दिलेलं बुडवणार नाही अशी शपथ घेतात, मग पुन्हा जमून साधंच काहीतरी खातात. हे खरं का बघायला त्याने दोघींचा छळ केला. दोघी गुलाम आणि मंडळीत त्यांना सेविका म्हणायचे. नावं लिहिली नाहीत त्याने. मला त्या दोघी पेत्र-पौलापेक्षा जास्त आठवतात.

बरं, ह्या सगळ्यात मला सगळ्यात आवडतं ते जस्टिन नावाच्या जुन्या ख्रिस्ती लेखकाचं. साधारण १५५ साली रोममध्ये तो लिहितो की रविवारी वाचन, बोध, प्रार्थना झाली की भाकर आणि पाणी मिसळलेला द्राक्षारस सगळ्यांना, आणि जे आले नाहीत त्यांचा वाटा सेवक घरी नेऊन देतात. ऑपरेशननंतरच्या पहिल्या रविवारी मी चर्चला नव्हते तर दुपारी पाळकसाहेब आणि मागच्या गल्लीतल्या मावशी आल्या, बारक्या स्टीलच्या डबीत भाकर आणि औषधाच्या बाटलीत द्राक्षरस घेऊन. पंखा बंद केला, तिघांनी प्रार्थना केली, मग मावशींनी भांडी पण घासली.

तुमच्यातला तो बाइकवरून पडलेला मुलगा, दोन महिने येत नाही म्हणालास, त्याच्याकडे कोणी गेलं का? नसेल तर तू जा, रिकाम्या हाताने नको. आणि शनिवारी येणार असशील तर माझा गुडघ्याचा पट्टा तिकडूनच आण, इथं मोठ्या साइजचा मिळत नाहीये.

तुझी,
आई