झाकण उघडण्याआधीची चाचणी कुठे आहे?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

नोकरीतून निवृत्त झालो तेव्हा मुलांनी मिळून मला एक महागडे स्विस घड्याळ घेऊन दिले. पाच वर्षांची वॉरंटी, डायलवर बारीक अक्षरांत ‘१०० मीटर’. दुसऱ्या वर्षी एका सकाळी हात धुतल्यावर काचेच्या आतून, चारच्या आकड्यापाशी, शर्टाच्या बटणाएवढा वाफेचा ठिपका दिसला. दुपारपर्यंत तो विरला, दुसऱ्या सकाळी पुन्हा आला. त्याच दिवशी मी घड्याळ हातातून काढले आणि कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरकडे पाठवले. हे घड्याळ घालून मी एकदाही पोहलेलो नाही.

सहा आठवड्यांनी उत्तर आले. चावी, म्हणजे वेळ-तारीख लावायची बाजूची खुंटी, उघडी राहिल्याने पाणी शिरले, हा वापरणाऱ्याचा निष्काळजीपणा, वॉरंटी लागू नाही. सोबत चावीच्या गंजलेल्या दांड्याचा फोटो आणि डायल, काटे, सील (पाणी अडवणारी रबरी कडी) बदलण्याचे अंदाजपत्रक.

मला कंपनीची बाजू कळत नाही असे नाही. ‘१०० मीटर’ म्हणजे शंभर मीटर खोल बुडी मारण्याचा परवाना नव्हे. नवे घड्याळ स्थिर पाण्याचा १० बार दाब सोसते, एवढाच त्याचा अर्थ. अशा घड्याळांसाठी आयएसओ २२८१० हे २०१० सालचे आंतरराष्ट्रीय मानक आहे. आतली रबरी कडी साबणाने, गरम वाफेने कालांतराने कडक होतात, म्हणून ती अधूनमधून तपासून घ्यायची असतात. माझ्या घड्याळाची चावी आटे फिरवून घट्ट बसवावी लागते. तारीख बदलून ती तशीच सोडली तर पाणी आत जाणार, यातही वाद नाही.

पण चावीच्या आतले रबरी कडे कारखान्यातच चिमटले गेले असेल, तर पाणी त्याच वाटेने शिरते आणि तोच दांडा गंजतो. गंजावरून पाणी कुठून आले ते कळते, का आले ते कळत नाही. त्या एका फोटोवरून माझ्या निष्काळजीपणाचा निष्कर्ष कसा निघाला, हे मला कोणी सांगितलेले नाही.

निकाल लावायची सोय मात्र आहे. बंद घड्याळ हवेच्या छोट्या पेटीत ठेवून दाब बदलतात आणि त्याचे बाहेरचे कवच किती दबते ते मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात, मोजतात. गळती असेल तर काही मिनिटांत आकडा बोलतो, आणि पाण्याचा थेंबही लागत नाही. चावी घट्ट लावून घड्याळ या चाचणीत उतरले, तर चावी उघडी राहिली असावी या म्हणण्याला वजन येईल. नापास झाले, तर दोष सीलकडे जाईल. अट एकच: ही चाचणी मागचे झाकण उघडण्याआधी व्हायला हवी. एकदा झाकण उघडून सील काढले, की मूळ स्थिती कायमची गेली.

मी फोन करून चाचणीचा आकडा मागितला. “सर, आम्हाला आधी उघडूनच बघावं लागतं,” असे उत्तर मिळाले. जुने सील मागितले, तर ते टाकून दिले होते. बोलणारा मुलगा अतिशय नम्र होता, माझा राग त्याच्यावर नाही. ज्या वस्तूवरून खरे-खोटे ठरले असते ती फेकून द्यायची आणि मग दोष ग्राहकाच्या माथी मारायचा, ही रीतच मला अन्यायाची वाटते.

१९२७ साली मर्सिडीज ग्लाइट्झ ही जलतरणपटू रोलेक्सचे घड्याळ गळ्यात बांधून इंग्लिश खाडीच्या गार पाण्यात कित्येक तास पोहली. घड्याळ चालू राहिले, आणि कंपनीने वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर त्याची जाहिरात केली. माझे घड्याळ त्या कंपनीचे नाही, पण पाण्याला दाद न देणे हा गुण सांगून तेव्हापासून सगळाच घड्याळउद्योग आपला माल विकत आला आहे. विकताना जो आकडा डायलवर छापता, तो क्लेम नाकारताना मोजून दाखवायला काय हरकत आहे?

ज्या वाचकांवर अशी वेळ येईल त्यांनी घड्याळ हातातून देण्याआधी काचेतल्या वाफेचे फोटो तारखेसह काढून ठेवावेत. पावतीवर स्वतःच्या हाताने लिहावे: ‘झाकण उघडण्याआधी दाबाची चाचणी करून आकडा लेखी द्यावा, काढलेले सर्व भाग परत करावेत.’ मला हे फार उशिरा सुचले.

अंदाजपत्रक मी मंजूर केले नाही, त्यामुळे घड्याळ दुरुस्तीविनाच परत आले. वाफ आता नाही, पण चारच्या आकड्याभोवती डायलवर तपकिरी कडा उमटली आहे आणि काटे थांबले आहेत. चावी उघडी होती हे कशावरून ठरवले आणि चाचणी कोणत्या तारखेला केली, हे दोनच प्रश्न विचारणारे दुसरे पत्र मी कंपनीला रजिस्टर्ड पोस्टाने पाठवले आहे. उत्तर अजून आलेले नाही.

आपला,
एक नियमित वाचक