पेरू, जपान आणि आपली मृत्यू नोंदवही

भुसावळ
14 डिसेंबर

प्रिय दिलीप,

काय चाली ऱ्हायनं भो? पत्र मिळालं. पोरांपुढे बोलायचंय, आणि कोरोनात पेरूत एवढी माणसं गेली, जपानात का नाही, असा तुझा प्रश्न. हॉस्पिटलांवर येण्याआधी पोरांना आकडाच तपासायला लाव.

जून 2020 मध्ये आपल्या जळगावचा मृत्युदर देशाच्या सरासरीच्या कितीतरी वर होता. पेशंट उशिरा येत होते हे खरंच, पण तपासण्याही थोड्या होत होत्या. छेद, म्हणजे तपासणीत सापडलेले रुग्ण, लहान असला की भागाकार फुगतो. म्हणून 'रुग्णांपैकी किती गेले' यावर देशांची तुलना करूच नये. आधीच्या पाच वर्षांची मृत्यूंची सरासरी काढायची आणि साथीच्या वर्षातल्या एकूण मृत्यूंतून ती वजा करायची. उरले ते अतिरिक्त मृत्यू. जागतिक आरोग्य संघटनेने 2020-21 साठी जगभरात ते 1 कोटी 49 लाख धरले. कोरोनाचे म्हणून जाहीर झाले होते साधारण 54 लाख. भारतासाठी त्यांनी 47 लाख धरले, ते आपल्या सरकारने मान्य केलं नाही. पेरूने मात्र मे 2021 च्या अखेरीस स्वतःच आपला आकडा 69 हजारांवरून 1 लाख 80 हजारांवर नेला. माणसं आधीच गेली होती, कागदावर तेव्हा आली.

मग वय. हजार वस्तीची दोन गावं घे. एकात साठीपुढचे 100, दुसऱ्यात 300. म्हाताऱ्यांत शंभरी 5 आणि बाकीच्यांत हजारी 1 मृत्यू धरला, तर पहिल्या गावात 6 जातील, दुसऱ्यात 16. रोग तोच, डॉक्टर तोच. नायजेरियात निम्मी लोकसंख्या अठराच्या आसपास किंवा खाली आहे, हे विसरून तिची इटलीशी तुलना करणं चूकच. आणि जपान तर जगातल्या सगळ्यात म्हाताऱ्या देशांपैकी, तरी तिथे मृत्यू कमी! तिथे लठ्ठपणा शंभरात चार-पाच मोठ्यांत, अमेरिकेत चाळीसच्या वर. साखर, बीपी, वजन हे आधीपासून अंगात असलं की हा विषाणू जड जातो. हे एकच कारण नाही, पण मोठं आहे.

पेरूवर जास्त वेळ दे. मार्च 2020 मध्ये तिथे कडक लॉकडाऊन लागला, तरी माणसं बाहेर पडतच राहिली. दहापैकी सात कामकरी बिनकराराचे, रोज कमावून खाणारे. फ्रिज जेमतेम निम्म्या घरांत, म्हणजे दोन-चार दिवसांचा बाजार एकदम भरता येत नाही. सरकारने मदत दिली, पण बऱ्याच जणांचं बँकेत खातंच नव्हतं, म्हणून बँकेपुढे रांगा. ऊसतोडीला गुजरातेत जाणाऱ्या धडगाव-अक्कलकुव्याच्या कुटुंबाला 'घरात बसा' म्हणण्यासारखंच ते. मजुरी बुडली तर चूल कशी पेटेल, याचं उत्तर आदेशात नव्हतं.

ऑक्सिजनचं गणित फळ्यावर मांड. जम्बो सिलिंडरमध्ये साधारण 7,000 लिटर. मिनिटाला 10 लिटर लागणाऱ्या एका पेशंटला तो पावणेबारा तास पुरतो. मिनिटाला 60 लिटर ओढणाऱ्या मशीनवर दोन तासही नाही. हवेतून ऑक्सिजन काढणारा मिनिटाला 600 लिटरचा प्लांट असे 60 पेशंट सांभाळतो. शुद्धता 93 टक्क्यांच्या आसपास, उपचाराला ती चालते. पेरूचा नियम मात्र 99 टक्क्यांचा होता. असे प्लांट त्यात बसत नव्हते, आणि नियम सैल झाला तो साथ अंगावर आल्यावर. आपल्या नंदुरबारने 2020 मध्येच, दुसऱ्या लाटेच्या आधी प्लांट बसवायला घेतले, तेव्हाचे जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड यांच्या पुढाकाराने. पण प्लांट बसवला म्हणजे काम झालं असं नाही. लाईट गेली आणि जनरेटर नसला की तो बंद. फिल्टर वेळेवर बदलले नाहीत की शुद्धता उतरते. वॉर्डातल्या पाइपाची गळती तर कुणी बघतच नाही.

2019 च्या आरोग्य-सज्जतेच्या जागतिक क्रमवारीत अमेरिका पहिली, ब्रिटन दुसरा होता. खाटा, प्रयोगशाळा सगळं मोजलं होतं. पण तेवढ्याने भागत नाही, सरकारने सांगितलेलं लोक किती ऐकतात यावरही असतं, हे साथीत दिसलं. बल्गेरियात लस असूनही बहुतेकांनी घेतली नाही, आणि युरोपीय संघात सगळ्यात वाईट हाल झालेल्यांत तो देश आहे.

पोरांना शहाद्याच्या आसपासच्या दोन ग्रामपंचायतींत पाठव. मृत्यू नोंदवहीतून 2015 ते 2021 चे मृत्यू महिन्यावार उतरवायचे, वयासकट. नावं घेऊ नका. नोंद 21 दिवसांत व्हायला हवी, तरी उशिरा लागलेल्या पुष्कळ सापडतील, म्हणून नोंदीची नव्हे, मृत्यूची तारीख धरा. कारणाच्या रकान्यावर विसंबू नका. 2020 मध्ये देशातल्या नोंदलेल्या मृत्यूंपैकी जेमतेम 22.5 टक्क्यांना डॉक्टरचा कारणाचा दाखला होता. एप्रिल-मे 2021 चे रकाने भरले की मला पाठव, सरासरी मी काढून देतो.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
प्रकाश