‘पिशवी काढून टाका’ इतकं सोपं नाही

मा. संपादक,
स.न.

यंदा आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) मांडे करायला मोठी जाऊ खापराजवळ बसली आणि पाच मिनिटांत घामाने निथळत अंगणात जाऊन बसली. आपल्याकडचा वैशाख, त्यात चूल, म्हणून कुणालाच वेगळं वाटलं नाही. थंडीत मध्यरात्रीही तिच्या अंगातून अशाच वाफा निघतात, हे तिने वर्षभर कुणाला सांगितलंच नव्हतं. धाकट्या सुनेने मात्र चारचौघांत सरळ विचारलं, "मोठ्या आई, तुमची पाळी जायला लागली का?" ओट्यावर पुरुष बसलेले होते. आमच्या सासूबाईंसमोर हा शब्द काढायची आमची छाती नव्हती. सुनेचा मला फार अभिमान वाटला.

माझ्या वेळी असं विचारणारं कुणी नव्हतं. एक्केचाळिसाव्या वर्षी अंगावरून फार जायचं. डॉक्टर म्हणाले, "मुलं झालीत ना? पिशवी काढून टाका." गोळ्यांनी किंवा कॉपर-टीसारख्याच दिसणाऱ्या, पण हार्मोन सोडणाऱ्या साधनानेही रक्तस्राव आटोक्यात येऊ शकतो, हे कुणी सांगितलं नाही. दोन्ही अंडाशयंही काढल्याचं मला डिस्चार्ज कार्डावरून कळलं. पाळी साधारण ४५ ते ५५ या वयात हळूहळू जाते, माझी एका दिवसात गेली. झोप उडाली, चिडचिड वाढली, हाडं ठिसूळ झाली. घरचे म्हणत, "हिचा स्वभावच बदलला."

२०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड महिलांची गर्भाशयं काढल्याचा प्रश्न विधिमंडळात गाजला. पिशवी काढण्याचा सल्ला घेऊन आलेल्या बाया मला आमच्या कापूस वेचणाऱ्यांतही भेटतात. त्यांना मी एवढंच सांगते, आधी दुसऱ्या डॉक्टरला दाखव आणि अंडाशयं ठेवणार का ते विचार. आणि पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर पुन्हा रक्त दिसलं, तर ‘उष्णता’ म्हणून घरी बसू नको.

आशाताई तिशीपुढच्या बायांची बीपी-शुगरची माहिती घेतात. त्याच वेळी पाळीचं, झोपेचं, अंगातल्या वाफांचं विचारलं, तर किती जणी बोलत्या होतील! आपणही या विषयावर स्त्रीरोगतज्ज्ञांचं सदर सुरू करावं. महिलांच्या पुरवणीत नको. ती आमच्या घरातले पुरुष उघडतच नाहीत. मुख्य अंकात, बाजारभावांच्या शेजारी छापा.

– एक वाचक, ता. यावल, जि. जळगाव