नालीच्या ६८ मीटरसाठी मदत हवी आहे

सप्रेम नमस्कार,

गेल्या पावसाळ्यात नागरिक मदत केंद्राचे आम्ही सहाजण टेप घेऊन उत्तर नागपुरातल्या एका गल्लीत उतरलो. मोजमाप पुस्तिकेत, म्हणजे झालेल्या कामाची मापे नोंदवण्याच्या सरकारी वहीत, तिथे १८० मीटर नाली बांधून झाली होती, बिलही निघाले होते. नाली ११२ मीटरवर संपली. पुढे नुसता चिखल. टेपचे दुसरे टोक एका आजीने धरले होते. त्यांच्या दारापर्यंत नाली आलीच नव्हती.

त्या पुस्तिकेची प्रत मिळवायला आम्हाला चौदा महिने लागले. माहिती अधिकारात अर्ज १० रुपयांचा आणि उत्तर ३० दिवसांत, असे २००५ चा कायदा आणि त्याखालचे नियम सांगतात. प्रत्यक्षात ‘माहिती आढळून येत नाही’ एवढ्या एका ओळीवर बोळवण होते. मग पहिले अपील, मग राज्य माहिती आयोगाच्या नागपूर खंडपीठात दुसरे. माणूस तिथेच थकतो, आणि पैसे खाणारा त्याच थकव्यावर विसंबून असतो. हे आम्हाला मनापासून सलते.

हे खंडपीठ अख्ख्या नागपूर विभागाचे आहे. गडचिरोलीहून तारखेला येणाऱ्या शेतमजुराची त्या दिवसाची मजुरी बुडते, वर एसटीचे भाडे. तारीख पुढे गेली की पुन्हा तेच. आम्हाला सर्वांत जास्त पैसा लागतो तो इथे. बाकी प्रतींचे पानाला २ रुपये, प्रत्येक अपिलाचे २० रुपये, टपाल. एकेका कामाची फाईल तीन-चारशे पानांची निघते.

सिंचन प्रकल्पांतील गैरव्यवहाराच्या आरोपांवर जनमंच या सामाजिक संघटनेने २०१२ साली इथल्याच उच्च न्यायालयाच्या खंडपीठात जनहित याचिका केली. ते प्रकरण वर्षानुवर्षे चालले. आमची प्रकरणे गल्लीएवढी आहेत, पण चिकाटी तेवढीच लागते.

शंभर रुपयेही चालतील. पावती मिळेल, महिन्याचा हिशेब सर्वांसमोर वाचला जाईल. कंत्राटदार आणि निवडणुकीचे इच्छुक यांच्याकडून आम्ही काहीही घेत नाही. पैशांपेक्षाही निकड आहे ती निवृत्त अभियंते आणि लेखा विभागात नोकरी केलेल्या मंडळींची. अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तिका आणि बिल शेजारी ठेवून खोट कुठे आहे ते तुम्ही अर्ध्या तासात सांगाल. आमचा आठवडा जातो. कायद्याच्या विद्यार्थ्यांनी अपिले लिहून द्यावीत.

कोणी थेट लाच मागत असेल तर आमच्यासाठी थांबू नका. पैसे देण्याआधी लाचलुचपत प्रतिबंधक विभागाला १०६४ वर फोन करा. सापळा लावणे त्यांचे काम आहे. आणि वैयक्तिक हेवेदाव्यांचे अर्ज आम्ही लिहून देत नाही, हेही आधीच सांगितलेले बरे.

दर रविवारी सकाळी १० ला महालातल्या आमच्या खोलीवर बसतो. नालीच्या प्रकरणाची पुढची तारीख जवळ आली आहे. आजी स्वतः येणार आहेत. त्यांना न्यायला-आणायला कोणाची गाडी मिळाली तर या रविवारीच कळवा.

आपले,
नागरिक मदत केंद्राचे कार्यकर्ते, नागपूर