यंदा मी मुलांच्या साथीला बसणार आहे

तीर्थरूप आई-बाबा यांना साष्टांग नमस्कार.

नामवंत गायकांबरोबरचे यंदाचे दौरे मी घेतलेले नाहीत. हे फोनवर सांगितले असते तर बाबा गप्प झाले असते आणि आई रात्रभर जागली असती, म्हणून सविस्तर लिहीत आहे. येते वर्षभर मी संगीत विद्यालयातल्या विद्यार्थ्यांना पेटीची साथ करणार आहे, वर्गात आणि त्यांच्या कार्यक्रमांतही. होकार कळवून झाला आहे. कोणाशी बिनसलेले नाही, हात दुखत नाही आणि कामे मिळेनाशी झाली असेही नाही. दरमहा ठरावीक मानधन मिळेल, रात्रीचे प्रवास टळतील आणि पाठीलाही आराम पडेल, तेव्हा काळजी नसावी.

खरे कारण आनंदाचे आहे. मध्यंतरी एका १६ वर्षांच्या मुलीला यमन रागाची साथ केली. आई, तुझ्यासाठी सांगते, विलंबित एकतालाच्या मात्रा १२ च असतात, पण लय इतकी संथ की एक आवर्तन, म्हणजे तालाची एक फेरी, जवळजवळ मिनिटभर चालते आणि नवख्या गळ्याला ते संपता संपत नाही. तिने मुखडा, म्हणजे समेकडे नेणारी बंदिशीची ओळ, घाईने उचलला आणि समेच्या, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेच्या, दोन मात्रा आधीच येऊन पोहोचली; पण थांबली नाही. मी गंधार, म्हणजे ग, धरून ठेवला, तबल्याने ठेका जरा ठळक केला आणि तिने त्याच स्वरावर टिकून राहून सम येऊ दिली. पुढच्या आवर्तनाला ती नेमकी समेवर आली, मान वळवून माझ्याकडे पाहिले आणि आम्ही दोघीही हसलो. नामवंतांच्या साथीत सम चुकणार नाही याची खात्री असते, त्यांच्या जागा मला पाठ असतात. इथे पुढचा स्वर कसा लागेल हे गाणाऱ्यालाच ठाऊक नसते, त्यामुळे जिवाचा कान करून वाजवावे लागते. असे वाजवण्यात मला किती सुख आहे, हे मलाही इतक्या उशिरा कळले.

एका मुलाचा आवाज फुटतो आहे. आधी पेटीच्या ‘काळी चार’ पट्टीत गाणारा तो आता खालच्या ‘काळी एक’वर उतरला आहे आणि तार षड्ज, म्हणजे वरचा सा, कधी लागतो, कधी चिरकतो. कार्यक्रमाआधी त्याला विचारूनच मी पट्टी ठरवते.

बाबा, १९४० पासून तीसेक वर्षे आकाशवाणीवर पेटीला बंदी होती, हे तुम्ही मला कितीदा सांगितले आहे. आक्षेप हा की पेटीचे स्वर ठरलेले, मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड सरकणे, निघत नाही, दरबारी रागाचा आंदोलित, म्हणजे झुलता, गंधार निघत नाही. तो आक्षेप मला आजही पटतो, म्हणूनच त्या गंधारापाशी मी हात उचलते आणि मुलांना तो तानपुऱ्याच्या सुरात शोधू देते. पण ज्याचा गळा अजून डळमळतो आहे, त्याला न हलणारा एक स्वर पाठीशी हवा असतो आणि तो पेटीइतका सहज कोण देणार?

तुम्ही माझ्यासाठी काय काय सोडले, आत्याकडचे ते वर्ष कसे काढले, यातले काहीही मी विसरलेले नाही. हे सारे मी वाया घालवते आहे, असे कृपा करून मनात आणू नका. आई, माझा हात भात्यापर्यंत पोहोचत नव्हता तेव्हा तू भाता हलवायचीस आणि मी वाजवायचे. मी कितीही अडखळले तरी तू हवा कमी पडू दिली नाहीस. आजही वाजवताना तुझ्या बांगड्यांचा आवाज आठवतो.

आता नीट ऐका. बाबा, बरे वाटते म्हणून रक्तदाबाची गोळी परस्पर बंद करायची नाही. आई, रात्री उठताना आधी दिवा, मग काठी आणि मगच पाऊल. गुडघ्यांचे व्यायामही टाळू नकोस. यापुढे डॉक्टरांकडे मी बरोबर येईन, यंदा तारखा माझ्या हातात आहेत.

मुलांच्या पुढच्या कार्यक्रमाला दोघांनीही यायचे आहे. खाली बसावे लागणार नाही, दाराजवळच्या दोन खुर्च्या मी राखून ठेवते, न्यायला-पोहोचवायलाही मीच येईन. आणि बाबा, कोणाचा सूर कुठे उतरला ते तुमच्या कानातून सुटणार नाही, ते मला घरी आल्यावर जरूर सांगा. तिथे मात्र त्यांना आधी शाबासकी द्या. तुमच्या तोंडून आलेली शाबासकी मुलांना वर्षभर पुरेल.

तुमची,
लेक